दममास्तर

रामजी मास्तर हुतूतूच्या मैदानाकडे पाठ करून बसायचे. गावात कुणी पाहुणा आला की आम्ही त्याला आधी हीच गंमत दाखवायला न्यायचो. इकडे गडी मातीत लोळताहेत, आणि ज्यांनी त्यांना खेळ शिकवला ते कडेच्या दगडावर नदीकडे तोंड करून तंबाखू मळताहेत! मध्येच मान न वळवता ओरडायचे, "भिवा, मेलास! दम सुटला!" भिवा म्हणजे मी. आणि दम खरोखरच सुटलेला असायचा.

हुतूतूत एकाच दमात 'हुतूतूतू' म्हणत पलीकडे शिरायचं, गडी शिवायचा आणि दम न सोडता मधल्या रेघेला परत यायचं. वाटेत श्वास घेतला की मेला. श्वास घेतल्यानं माणूस मरतो असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

"डोळं फसत्यात," मास्तर म्हणायचे. "तू पाय बघशील, हात बघशील. दम कुटं दिसतुया? त्यो आयकाया लागतो."

खरं म्हणजे ते मास्तर नव्हतेच. मुळशीच्या खोऱ्यात, नदीकाठच्या आमच्या गावात त्यांची वीसेक शेरडं होती, थोडी भातखाचरं होती. शाळेचे गुरुजी पुण्याचे. त्यांना कवायतीपलीकडे काही येईना, म्हणून त्यांनी पोरं रामजींच्या हवाली केली आणि ती पुढं बावीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली. शाळा सुटलेले माझ्यासारखे बाप्येसुद्धा तिथून हलले नाहीत. गावानं चेष्टेनं नाव ठेवलं, दममास्तर. त्यांना ते फार आवडायचं. घाई करणाऱ्याला "दम धर", रडणाऱ्याला "दम खा", आणि कुणी दांडगाई करायला लागला की, "दुसऱ्याला दम काय देतुयास? सोताचा धर आदी!"

या बावीस वर्षांत जत्रेतल्या सामन्यात पिरंगुटकरांना आम्ही एकदाही हरवलं नव्हतं. त्यात निम्मा दोष मास्तरांचाच. एका वर्षी सामना हातात आलेला, पंचांनी आमचा गडी जिवंत धरलेला, आणि हा बाबा दगडावरून म्हणतो, "न्हाई, मेला आमचा गडी. म्या आयकलं." झालं! हातचा सामना गेला. सख्ख्या भावानं दिवाळीपर्यंत अबोला धरला. पाटील तर भर चावडीत म्हणाले, "रामजी, तू कुणाकडनं हायेस रं?"

"दमाकडनं," मास्तर म्हणाले.

मग धरणाचं ठरलं. आमचं गाव पाण्याखाली जाणार होतं, म्हणजे मैदान, दगड, सगळंच. त्या चैत्रातली जत्रा तिथली शेवटची. सकाळी मास्तरांनी आम्हाला ओळीनं उभं केलं. बावीस वर्षांत त्यांनी 'जिंका' असं कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "पोरांनो, येकडाव जिकून दावा. पानी यायच्या आत. बास." 

सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई माझ्याकडे आली. मी एक गडी शिवला, वळलो, आणि कुणीतरी घोटा धरला. मग तिघं अंगावर कोसळले. रेघ हातभर लांब. छाती फुटायला आली. तोंड मातीत होतं. तिथंच मी घोटभर श्वास चोरला, पुन्हा 'तूतू' केलं आणि हात रेघेला टेकवला. लोक एवढे ओरडत होते की पंचांना काही कळलंच नाही. त्यांनी हात वर केला. जिंकलो!

गुलाल उधळला गेला. मी रेघेवर पडल्या पडल्याच दगडाकडे बघत होतो. मास्तरांची पाठ तशीच होती. आता म्हणतील 'मेला', आता म्हणतील. ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं वळले तेव्हा डोळे ओले होते. सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. माझ्याजवळ आले आणि नुसतं म्हणाले, "ऊठ." एवढ्या गलक्यात त्यांना काय ऐकू जाणार, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर मैदानावर आले नाहीत. गाव म्हणालं, म्हाताऱ्याची इच्छा पुरी झाली. पुढं पाणी चढलं. आम्ही डोंगराच्या कुशीला सरकलो आणि मास्तर भुकूमला लेकीकडे गेले. मी अधूनमधून जायचो. दर वेळी ओठांवर यायचं, तेवढ्यात त्यांची लेक शेजारणीला सांगायची, "बाबांनी तयार केल्याला गडी ह्यो! पिरंगुटकरांस्नी ह्येनंच लोळिवलं!" की मी गप्प.

आणि दैवाची थट्टा बघा, त्या माणसाला दमा जडला. शेवटचा गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. छातीतून शिट्टी वाजत होती. लेक ताक आणायला आत गेली तसे म्हणाले, "भिवा, लई दिस धरलास रं. सोड आता."

माझे कान तापले. सगळं कळलं मला. आणि मी गाढव काय बोललो? "काय धरलंय, मास्तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग थांबत थांबत म्हणाले, "बावीस वर्सं वरडलो. त्या दिशी मला बी वरडाया आलं न्हाई. जिकायचं हुतं रं मला."

एवढं बोलून ते हळूहळू भिंतीकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, थकले. मग बघतो तर मान जराशी कललेली, दगडावर बसल्यावर कलायची तश्शी. ते ऐकत होते.

लेकीनं ताक आणलं. मी ते प्यालो, "येतो, मास्तर" म्हणालो आणि निघालो. दहाव्या दिवशी ते गेल्याचा निरोप आला.

नुसतं 'मेलो, मास्तर' म्हणायचं होतं. दोन शब्द. खेळताना दिवसातून पन्नासदा म्हणायचो.