कापराचा रेणू आणि लॅबची किल्ली

माझा स्वभाव संशयी. दुधावरची साय कमी दिसली, तर मी मांजराच्या आधी घरातल्या माणसांकडे बघते. त्यात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे काही बिघडलं की कोणीतरी काहीतरी केलंच असणार, असंच डोकं चालतं.

जऊळक्याजवळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात इंटरनेट असून नसल्यासारखं. म्हणून बारावीच्या पोरांना नेटशिवायच ब्राउझरमध्ये रेणू दाखवायचं ठरवलं. पुण्यातल्या धाकट्या भावाने एक पान तयार करून दिलं. त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये रेणूंच्या फाइली, म्हणजे कोणता अणू कुठे बसतो याचे नुसते आकडे. पान उघडलं की त्या आकड्यांतून कापराचा रेणू पडद्यावर उभा राहायचा आणि माउसने गरगर फिरायचा. घरी वाशीमला मी तो दहादा फिरवला, नवऱ्यालाही बळंच बघायला बसवलं.

लॅबच्या परिचरांना सगळे काका म्हणतात. लॅबची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याच कमरेला. तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या काड्या आणि रंगवलेल्या मातीच्या गोळ्या जोडून तेच पोरांसाठी रेणू करायचे. मी त्यांना म्हटलं, आता हे कपाटावर ठेवून द्या. त्यांनी ते लगेच उचलून वर ठेवले. इतक्या सहज ऐकलं, तेच मला खटकलं.

ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन मी एका संध्याकाळी तो लॅबच्या कॉम्प्युटरला लावून ठेवला. सकाळी तासाला पान उघडलं, तर पांढरंफटक. समोर पोरं माना वर करून बसलेली आणि मी पुन्हा पुन्हा क्लिक करत उभी. दुसऱ्या दिवशीही तेच. फाइली तर जागच्या जागी होत्या. मग कोणीतरी आतून काहीतरी बदललं, दुसरं काय! किल्ली कोणाकडे? काकांकडे. रेणू कोणाचे कपाटावर गेले? काकांचे. ते दारात उभे होते आणि मला वाटलं, हसून राह्यले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी काकांना लॅबमधून काढून ऑफिसात बसवलं, खुलासा मागितला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

चौथ्या दिवशी नव्या फाइली मागायला भावाला फोन केला. त्याने पहिलंच विचारलं, ती काळी खिडकी उघडलीस का?

घरी पान बघण्याआधी भावाने सोबतच दिलेला एक छोटा प्रोग्राम चालू करायचा असायचा, त्याची काळी खिडकी उघडायची. कॉलेजात ती भानगड कशाला, म्हणून मी थेट पानावरच क्लिक करत होते. भावाने समजावलं की असं उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची फाइलसुद्धा वाचू देत नाही. एखादं लबाड पान कॉम्प्युटरमधलं सगळंच वाचून काढेल, अशी ब्राउझरला धास्ती. तेच त्या प्रोग्राममार्फत मागितलं की मुकाट्याने दाखवतो.

मी लॅबमध्ये जाऊन काळी खिडकी उघडली. कापराचा रेणू उभा राहिला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तक्रार मागे घ्यायला धावत ऑफिसात गेले. प्राचार्यांनी काकांचा खुलासा पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की पेनड्राइव्हवर धूळ दिसली म्हणून ओलं फडकं मारलं, त्यानेच बिघडलं असेल, चूक कबूल आहे.

काका बाहेर बाकावर एका फाटक्या रजिस्टरला खळ लावत बसले होते. मी सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"चार दिवस तुमी त्या कॉम्प्युटरले विचारून राह्यल्या होत्या, मॅडम. मले एक डाव काहून नाही विचारलं?"

मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

प्राचार्यांनी त्यांना त्याच दिवशी लॅबमध्ये परत पाठवलं, पण किल्ली घ्यायला ते तयार झाले नाहीत. कपाटावरचे मातीचे रेणू मी स्वतः खाली काढले, पुसून टेबलावर मांडले. त्यांनी ते बघितले आणि कामाला लागले. आता रोज सकाळी मी कुलूप उघडेपर्यंत ते व्हरांड्यात थांबतात. आणि संध्याकाळी निघताना, मी काही म्हटलेलं नसताना, आपल्या डब्याची पिशवी उघडून मला दाखवतात.