कडकही हवी आणि कपभरही

माझ्या अप्पांनी माझ्या सासरच्या कॉफीला अकरा वर्षं चांगलं म्हटलं, आणि तेच माझं दुखणं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. जयसिंगपुरात त्यांचं किराणा दुकान. घरात बोलणं कानडी आणि पिणं कॉफी, कारण आई कर्नाटकातली. येताना तिनं पितळेचा फिल्टर बरोबर आणला होता. तिच्या कॉफीला अप्पांनी कधी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. आज पाणचट, काल जळकी, परवा दूध जास्त. पहिला घोट घेतला की स्वयंपाकघराकडं तोंड करून काहीतरी ओरडायचेच, आणि मग थेंब न ठेवता कप रिकामा करायचे. आईही आतून तितक्याच जोरात उत्तर द्यायची. एवढं झाल्याशिवाय आमच्याकडं सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. सासर पक्कं चहाचं. कॉफी म्हणजे दुधात चमचाभर तयार पावडर, आणि तीही कुणाचं डोकं दुखत असेल तरच. अप्पा महिन्या-दोन महिन्यांनी लक्ष्मीपुरीत दुकानाचा माल घ्यायला यायचे आणि परतीच्या गाडीआधी अर्धा तास आमच्याकडं डोकवायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतला माणूस. मला मुलगी झाली तेव्हा कुठं कॉफी घ्यायला लागले, पण खुर्चीच्या कडेवर टेकून, मांडीवर पिशवी धरून. माझ्याशीही मराठीतच बोलायचे. व्याह्यांना न कळणाऱ्या भाषेत त्यांच्याच घरात लेकीशी बोलणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. दोन घोट घ्यायचे, कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "छान झालीय हं."

तो 'हं' मला फार लागायचा. अप्पा माझ्या घरी पाहुणे म्हणून येत होते आणि पाहुणे म्हणूनच जात होते. एकदा तरी त्यांनी कॉफीला नावं ठेवावीत, असं वाटून माझा जीव तळमळायचा. आईसारखा फिल्टर मीही घेतला होता, पण त्यातून अर्क उतरायला तास लागतो, आणि अप्पा कधी कळवून आले नाहीत. फोन करून या म्हटलं, तर "कशाला उगाच तुम्हाला त्रास," म्हणायचे. मग आहेच आपली पावडर.

पुढं दोन हजार सहा-सातच्या सुमारास धाकटे दीर जर्मनीतून सुट्टीला आले आणि येताना कॉफीचं मशीन घेऊन आले. वरून बिया टाकायच्या, मागं पाणी भरायचं, बटण दाबायचं. बिया आतल्या आत दळल्या जायच्या आणि मिनिटात कॉफी कपात. सासूबाईंनी मशीनला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात एक म्हस आली असती." माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब होता. एका मिनिटात कॉफी म्हणजे अप्पांच्या अर्ध्या तासात तीस वेळा बसते.

बिया आणायला आम्ही बेळगावला गेलो. दुकानदार म्हणाला, "दळून देतो की वैनी, घरात गिरणी हाय व्हय तुमच्या?" मी तोऱ्यात "हाय," म्हटलं.

पहिला मान माझ्या नवऱ्याच्या मामांना मिळाला. दिरांनी जर्मनीच्या पद्धतीनं मशीनबरोबरच्या चिमुकल्या कपात दोन घोट कॉफी दिली. मामांनी कपात डोकावून बघितलं आणि विचारलं, "औषध हाय व्हय हे? जेवणाआधी घ्यायचं का नंतर?" सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोल्हापुरात पाहुण्यापुढं अर्धा कप ठेवणं म्हणजे आता उठा म्हणण्यासारखंच. त्या दिवसापासून घरात फर्मान निघालं, की मशीनचं सगळ्यात मोठ्या कपाचं बटणच दाबायचं, आणि थोडी बशीत सांडली तरी चालेल.

दीर परत गेले आणि अप्पा आले. मशीनवर कॉफी किती कडक हवी ते ठरवायला बियांची चित्रं होती, एक, दोन आणि तीन. मी तीन बियांवर काटा ठेवला, मोठं बटण दाबलं, काठोकाठ कप भरला. अप्पांनी मशीनचं कौतुक केलं, जावयाचं कौतुक केलं, दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"छान झालीय हं."

ते गेल्यावर उरलेली कॉफी मी चाखून बघितली. पुचाट! रागारागानं नवऱ्याला जर्मनीला फोन लावायला लावला, जसं काही कॉफी दिरांनीच पातळ केली होती. दीर म्हणाले, दळण बारीक करा, पण खटका फिरवायचा तो मशीन दळत असतानाच आणि एकच घर. तसं केलं. उन्नीस-बीस फरक पडला. मग मी जास्त काळ्या भाजलेल्या बिया आणल्या. त्या इतक्या तेलकट निघाल्या, की आत चिकटून बसल्या आणि मशीन नुसतंच घरघरत राहिलं. ते साफ करण्यात एक रविवार गेला. सासूबाई चहा पीत माझी गंमत बघत होत्या.

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. एक दिवस कमरेवर हात ठेवून मशीनसमोर उभ्या राहिल्या. "दाब बटण." मी दाबलं. आम्ही दोघी वाकून धार बघायला लागलो. सुरुवातीला काळीभोर, काकवीसारखी दाट. मग तांबूस. आणि कप अर्धा व्हायच्या आत नुसतं पिवळट पाणी.

"आगं, मूठभर डाळीत घागरभर पाणी वततीस की," सासूबाई म्हणाल्या. "कप मोठा झाला म्हणून बिया जास्त पडत्यात व्हय?"

मी छोटं बटणही एकदा दाबलं आणि खालचा खण ओढून चोथा बघितला. छोट्या बटणानं काढलेल्या कॉफीच्या चोथ्याची वडी आणि मोठ्या बटणाची वडी, दोन्ही तेवढ्याच. बिया तेवढ्याच, वाढत होतं ते फक्त पाणी. इतके दिवस मी मशीनला दोष देत होते, आणि मशीन बिचारं आमच्या पाहुणचाराला पुरेल एवढं पाणी ओतत होतं.

"मग काय अप्पांना अर्धा कप देऊ?" मी विचारलं.

"अर्धा का म्हणून? दोन डाव काढ की एकाच कपात!"

एवढी साधी गोष्ट जर्मनीहून आली नव्हती. मी छोटं बटण दोनदा दाबलं, वर तापवलेलं म्हशीचं दूध घातलं, साय बाजूला सारून. कप भरला आणि कॉफीही कडक. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि "कडू जहर हाय," म्हणाल्या. मला तेव्हाच खात्री पटली.

तीन आठवड्यांनी अप्पा आले. खुर्चीची कड, मांडीवर पिशवी, सगळं नेहमीचं. मी आधी मशीनमधून नुसतं गरम पाणी काढून कप ऊन करून घेतला, मग दोन डाव, मग दूध. कप सासूबाईंनीच बाहेर नेऊन दिला. मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले. हातातलं फडकं उगाच पिळत होते. एका कपासाठी एवढं होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

घोट घेतल्याचा आवाज आला. दुसरा आला. तिसराही आला. आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेनं, खणखणीत आवाजात, अप्पा ओरडले, "सक्री कडिमी आगेद, नोड!"

साखर कमी झालीय, बघ. माझ्या सासरच्या घरात ते पहिल्यांदाच कानडीत बोलले होते.

सासूबाई धावत आत आल्या. "काय झालं? पावण्यास्नी आवडली न्हाय व्हय?"

"साखर कमी हाय म्हणत्यात."

"मग हसतीस काय अशी? घाल की!"

साखरेचा डबा घेऊन मी बाहेर गेले. अप्पांची पिशवी खाली फरशीवर होती आणि ते स्वतः ओशाळून बसले होते. "तसं न्हाई बाळ, छान झा..." त्यांनी मराठीत सुरुवात केली.

"अप्पा," मी म्हटलं, "आधी बोललात तेच बोला."

मग त्यांनी कप पुढं केला आणि कानडीतच म्हणाले, "दोन चमचे घाल. आणि पुढच्या वेळी दूध कमी कर, आईसारखीच करतेस."