फोटोत मालकच हवा

रोह्याजवळच्या खांब गावची आमची शेती वहिनी करतात. वहिनी म्हणजे नात्यातल्या कुणी नव्हेत. त्यांच्या सासऱ्यांपासून ते घर आमची जमीन कसतं आणि मी लहानपणापासून त्यांना वहिनीच म्हणते. माझा जन्म पेणला शाळेत शिकवण्यात गेला, आता तिथेच रामवाडीला राहते. भाऊ पुण्याला. सातबारावर आम्हा दोघांची नावं. दिवाळीनंतर तांदूळ घरपोच येतात, शिमग्याच्या सुमारास वाल येतात. शेतातल्या चिखलात माझा पाय शेवटचा कधी पडला, आठवत नाही.

परवाच्या दिवाळीच्या तोंडावर कापून आडवं टाकलेलं भात पावसाने चार दिवस झोडपलं. लोंब्यांना तिथेच कोंब आले. वहिनींचा फोन आला.

"बाई, उद्या पंचनाम्याला येनार हायत. तुमाला बोलावलंय."

"मला कशाला? पीक तुमचं."

"सातबारावालाच पायजे बोलतात."

सकाळची एसटी धरून गेले. बांधावर एक सरकारी कर्मचारी मोबाइल घेऊन उभे होते, पन्नाशीचे असतील. "मॅडम, जरा आत उभ्या राहा. हातात पेंढी धरा." मी चपला काढल्या. वहिनींनी हात दिला म्हणून पडले नाही. त्या माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या, साडी खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा. फोटोत मालकच हवा."

वहिनी बांधावर गेल्या.

"अहो, शेती ह्या करतात. ह्यांचा फोटो घ्या," मी म्हटलं.

"कागदावर आहेत का?"

"नाहीत."

"मग सरकारच्या लेखी त्या शेतकरीच नाहीत, मॅडम. मी काय करू?"

आणि त्यांनी फोटो काढला. इस्त्रीची साडी, हातात कुजकी पेंढी. नुकसानग्रस्त शेतकरी म्हणून माझी नोंद झाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण पेंढी मी धरली होती, हेही खरं.

दोन दिवसांनी, मदत वहिनींना मिळावी असा अर्ज लिहून रोह्याच्या तहसील कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने तो वाचलाही नाही. "करार आणा. भावाची सही आणा."

"अख्ख्या गावाला माहीत आहे कोण कसतं ते. कुणालाही विचारा."

"गावाला विचारून मदत वाटता येत नाही."

तिथूनच, बाहेरच्या पायरीवरून, भावाला फोन लावला. त्याने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "वेडी झालीस का तू? उद्या कूळ लागलं म्हणजे जमीन गेली. बाबांनी सगळं तोंडी ठेवलं ते काय उगाच?"

मी फोन ठेवला. बाबांनी तोंडी का ठेवलं ते मलाही माहीत होतं. माहीत असून मी तांदूळ खात होते.

तशीच खांबला गेले. वहिनी ओटीवर भात पसरून वाळवत होत्या, निदान कोंबड्यांना तरी होईल म्हणून. मी कार्यालयाच्या नावाने तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भात पसरणं थांबवलं नाही.

"सरकारला कशाला शिव्या घालता, बाई? आमचं नाव त्याला सांगनार कोन? तुमीच ना? इतक्या वर्षांत कदी सांगितलंत?"

"रागावलात तुम्ही."

"व्हय, रागावले. तो बाजूला हो बोलला, तवा मी झाले बाजूला. तुमी का नाय झालात?"

शेजारणीने कुडापलीकडून हाक मारली, "चल गो, वाल पेरायला उशीर व्हतोय." वहिनी उठल्या आणि निघून गेल्या. त्या घरात पहिल्यांदाच मला कुणी चहा विचारला नाही.

मदत आली ती आम्हा भावंडांच्या खात्यांत. माझ्या वाट्याची मी काढून वहिनींना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. भाऊ म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." म्हणजे त्याने ठेवून घेतली. दोन गाड्या असलेल्या माणसाला पावसाने बुडवलं म्हणून सरकारने हात दिला!

आता मी माझा हिस्सा वेगळा करून मागितला आहे. तो झाला की वहिनींच्या नावे लेखी करार करणार. कूळ लागायचं तर लागू दे. अर्जावर शिक्का बसला, पुढे काही हललेलं नाही. मी पंधरवड्याला रोह्याला जाऊन भांडते. भाऊ फोन उचलत नाही. वहिनी उचलतात, पण कामापुरतं बोलतात आणि ठेवून देतात.