सहा दिवसांचं आयतं ताट

मावशीनं तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांचं रांधलं. तिच्यापुढं मात्र कुणी कधी वाढलेलं ताट ठेवलं नाही. नवऱ्यानं तर मरेपर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून घेतला नाही.

म्हणून सात घरांनी मिळून एक इमारत बांधायची, प्रत्येकाला दोन खोल्या आणि खाली सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर, असं कानावर आलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "रांधायचं कुणी?"

"आळीपाळीनं. सात घरं, सात वार," त्या सातांतलाच एक, नकाशे काढणारा आर्किटेक्ट म्हणाला. "इथं कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही."

एक दिवस राबायचं, सहा दिवस आयतं खायचं! मावशीनं आपलं राहतं घर विकलं आणि यांच्यात आली.

पहिले दोन महिने सोन्याचे गेले. वरच्या खोल्यांतल्या शाळेच्या मास्तरांनी भात करपवला, तर हिनं तोही मिटक्या मारत खाल्ला. मग हळूच सुरू झालं. "मावशी, आज जरा उशीर होतोय, बघाल का?" "मावशी, तुमच्या हाताला चव आहे हो!" शिकल्यासवरल्या माणसांना गोड बोलून मान कापायची कला उपजतच असते. बघता बघता तिच्याकडं चार वार आले.

आणि रविवारच्या बैठकीत आर्किटेक्टनं ठराव मांडला. मावशीनं पाच दिवस रांधावं, बदल्यात तिला जिना झाडणं माफ. सहा हात वर झाले. पण सातही घरांचा होकार असल्याशिवाय ठराव होत नाही, हा नियम त्यांचाच.

"मावशी गप्प आहेत, म्हणजे होच की," मास्तर हसत म्हणाले.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "गप्प होते, कारण तोंड उघडलं असतं तर शिव्या आल्या असत्या! जिना माफ करताय? उपकार झाले!"

"अहो, तुम्हाला स्वयंपाकाची आवड आहे म्हणून..." आर्किटेक्ट चाचरला.

"कुणी सांगितलं तुला? तुला नकाशांची आवड आहे ना? मग काढ रोज पाच घरांचे, फुकट! मास्तर, तुम्ही पोरं शिकवता. या इमारतीतली सगळी पोरं रोज रात्रीपर्यंत सांभाळा! मी इथं घर घेतलंय, कँटीन नाही. स्वयंपाकघरात वारांची पाटी लावलीय, तिच्यावर माझा वार शुक्रवार. बाकीच्या वारांना मी जेवायला येणार."

मंगळवार आर्किटेक्टचा. संध्याकाळी साडेसातला मावशी आपलं ताट घेऊन खाली आली आणि लांब टेबलाच्या टोकाला बसली. शेगडी थंड. एकेकजण दारातून डोकावून जाई.

"आज काय आहे मावशी?" मास्तरांनी विचारलंच.

"मला काय विचारता? पाटी वाचता येत नाही? मास्तर ना तुम्ही?"

आठ वाजले. मावशीच्याही पोटात कावळे कोकलत होते. हात शिवशिवत होते. अर्ध्या तासात सगळ्यांना जेवू घातलं असतं तिनं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

शेवटी आर्किटेक्ट आला. लाल तोंडानं कांदे घेऊन बसला. एकेका कांद्याशी त्याची कुस्ती चालली होती.

"निदान मीठ किती टाकू ते तरी सांगाल?"

"चाखून बघ. मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

नऊला जेवण तयार झालं. भात खाली लागलेला, भाजीत मीठ नावाला नाही. सगळे मान खाली घालून गिळत होते. मावशीनं ताट पुसून खाल्लं. चेहऱ्यावरचा राग तसाच होता. मग रिकामं ताट तिनं आर्किटेक्टच्या पुढ्यात सरकवलं.

"वाढ."