हां, बोल
पिकल्या केळ्यांचा वास आला की मला जळगावातली ती भाड्याची खोली आठवते. मेहरूण तलावावर फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर, एका कॉलनीत ती कशीबशी मिळाली होती. घरमालक आबांनी आडनाव विचारलं, तेव्हा मी नुसतंच गाव सांगून, "चोपड्याकडचा" म्हणून वेळ मारून नेली होती. एका रविवारी वडील, म्हणजे आमचे नाना, पिशवीत केळीची फणी घेऊन आले. स्टँडवरून आणताना रिक्षातच मी त्यांना म्हणालो, "नाना, आबांना जय भीम म्हणू नका. खोली जाईल."  ते म्हणाले, "बरं, नही म्हणस." फाटकाशी आबा "राम राम" म्हणाले, नानांनी नुसते हात जोडले. संध्याकाळी तलावाच्या काठानं फिरतानाही समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते मुक्यानंच हात जोडत होते. तोवर मी घरी फोन केला की पलीकडून आधी "जय भीम" यायचं, मग माझं नाव. आता घर माझं स्वतःचं आहे, दारावर आडनावासकट पाटी आहे, आणि फोन लागताच मीच मोठ्यानं "जय भीम, नाना" म्हणतो. नाना म्हणतात, "हां, बोल."