तिसरं रीळ कुणी पाहिलं नाही

धर्मशास्त्र शिकून मी आयुष्यभर एकच खूळ डोक्यात घेतलं, की सिनेमानं सुवार्ता सांगता येते. त्यावर इंग्रजीत जाडजूड प्रबंध लिहिला, साहेबलोकांची शाबासकी घेतली. बेळगावात तेव्हा बोलपट आले होते. माझ्याकडं मिशनचं हातानं फिरवायचं मुकं यंत्र. प्रभूच्या चरित्राची तीन रिळं, त्यातलं तिसरं पुनरुत्थानाचं. माझा सगळा धर्म त्या तिसऱ्या रिळात होता.

निपाणीत तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत भर दुपारी खेळ लावायचो. दारं लावली की अंधार मिळे. लोक शिंकत शिंकत बघायचे. दुसऱ्या रिळाच्या शेवटी प्रभूला कबरेत ठेवलं, की सगळे डोळे पुसत उठायचे आणि चालू पडायचे. ‘प्रेक्षक पश्चात्तापानं व्याकूळ होऊन बाहेर पडतात,’ असं मी अहवालात ठोकून दिलं. मूर्ख कुठला! एकदा मागोमाग गेलो, तर अख्खी वखार विहिरीवर आंघोळीला. एक म्हातारी अंगावर पाणी घेत म्हणाली, "मातीला जाऊन आल्यावर डोस्क्यावरनं पानी घ्याया नगं व्हय? लई गुणाचा हुता बिचारा."

पुढं तो उठतो हो, असं घसा कोरडा पडेस्तोवर सांगायचो. ऐकतंय कोण? एकदा वैतागून तिसरं रीळच आधी लावलं, तर पुढनं आवाज आला, "मेल्याबिगर उठला कसा रं ह्यो?"

हेही सोसलं असतं. मला खरं तर एकच माणूस शेवटपर्यंत बसायला हवा होता, माझे वडील. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून अकरा वर्षं आप्पा माझ्याशी बोलले नव्हते. ते रीळ बघितलं तर मी कशासाठी घर सोडलं ते त्यांना कळेल, अशी माझी खुळी आशा. एका बाजाराच्या दिवशी ते तंबाखूची गाडी घेऊन आले आणि चक्क वखारीत शिरले. मागं भिंतीला टेकून बसले. मी यंत्राची दांडी फिरवत पडद्याऐवजी त्यांच्याकडंच बघत होतो.

कबरेवर धोंडा बसला. लोक उठले. आप्पाही उठले.

मी धावत दारात गेलो. "आप्पा, बसा की. एक रीळ ऱ्हायलंय. त्यो उठतोय."

ते थांबले. "तू बाटलास तवा तुझ्या नावानं आंघोळ केली रं मी," ते म्हणाले. "तरी वरीसभर वाट बघितली, येशील म्हणून. आता बास."

मी बाजूला झालो. मग राहवेना, म्हणून त्यांच्यामागं विहिरीपर्यंत गेलो. त्यांना पोहरा ओढवत नव्हता, निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं. पुढं होऊन ओढून द्यावं असं लई वाटलं. पण लांबच उभा राहिलो. मी शिवलो असतो, तर त्यांना परत आंघोळ करावी लागली असती.