मारुतीच्या मनगटातल्या बांगड्या

पुण्याच्या कॉलेजात मी प्राचीन इतिहास घेतला तेव्हा सोलापुरात आमच्या गल्लीने मला वेड्यात काढले. शिकायचेच तर मास्तरीण व्हावे, दगडधोंडे कसले वाचतेस? मी म्हणे, दगड निदान नको ते सल्ले देत नाहीत.

वडील कचेरीत कारकून. ओढ्याकाठच्या मारुतीची पूजा मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. दर शनिवारी ते तेलात कालवलेला शेंदूर चढवत. शेंदराखालचा उगारलेला हात तेवढा ओळखू येई. बायकांनी लांबूनच नमस्कार करायचा, शिवायचे नाही. लहानपणी मी पायरी चढले म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता.

पुण्यातल्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले, आणि मारुतीवरची शेंदराची खोळ गळून पडली. पुटांवर पुटे चढली की कधीतरी ती सुटतातच. पण गल्लीतले थोरले काका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पोरगी पुण्याला धाडलीस, देव कोपला बघ. तिला घरी बसीव, आन नवा शेंदूर चढीव."

वडील मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांनी ती मान एकदा हलवली असती तर माझे शिक्षण तिथेच संपले असते. मी चपला घातल्या आणि भर उन्हात तडक ओढ्याकडे निघाले. मागोमाग ते दोघेही आले.

दगड उघडा होता. मी पायरी चढले. मारुती नव्हताच. खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला हात, वर चंद्रसूर्य, मनगटात बांगड्या. असे दगड मला पुण्यात शिकवले होते. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा, सतीचा दगड.

"काका, मारुती बांगड्या भरतो का हो?"

"लई शिकलीस," काका म्हणाले. "झाकून टाका म्हंतो मी. लोकांत हसू हुईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक बाई जाळली, वर शेंदरात पुरली, आणि तिला शिवायला बायकांनाच बंदी! मी त्या दोघांदेखत त्या हातावर हात ठेवला. दगड चांगलाच तापला होता.

संध्याकाळी वडील म्हणाले, "शनिवारी मी शेंदूर चढवतो. तू तोंड मिटून राहा आणि खुशाल पुण्याला जा."

"नाही राहणार. भेटेल त्या बाईला सांगेन. पुण्याला पाठवलं नाहीत, तर इथंच बसून सांगेन."

त्या रात्री वडील जेवले नाहीत.

शनिवारी सगळी गल्ली ओढ्याकाठी जमली, काका सर्वांत पुढे. वडिलांनी वाटीतले तेल दगडावर ओतले आणि पंच्याने त्या बांगड्या लख्ख पुसल्या. शेंदराची पुडी तशीच काकांच्या हातात दिली. मग खाली उभ्या असलेल्या आईला म्हणाले, "ये वर. हात लाव."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले, पदर खोचला आणि पायरी चढली.